दोघांच्या नावाचं घर

२००८ साली उसाचा हंगाम संपल्यावर राजरत्ननं मंचरच्या एका बँकेत घरकर्जाचा अर्ज टाकला. तो पारगावच्या साखर कारखान्यात फिटर, तर त्याची बायको प्रतीक्षा मंचरला खाजगी दवाखान्यात नर्स. एकट्याच्या पगारात दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट बसत नव्हता, म्हणून अर्ज दोघांच्या नावानं होता.

पंधरा दिवसांनी बँकेच्या साहेबांनी दोघांना बोलावलं. पुढ्यातल्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडमच्या नावावर टेम्पोचं जुनं कर्ज दिसतंय. हप्ते थकले होते. शेवटी फायनान्स कंपनीनं निम्म्यावर तडजोड करून खातं बंद केलं. असा शेरा असला की कर्ज मंजूर होत नाही."

राजरत्न हसला. "नावात गल्लत झाली आसंल, साहेब. हिला सायकल बी येत न्हाई."

"गल्लत न्हाई," प्रतीक्षा खाली मान घालून म्हणाली. "लग्नाआधीचं हाये."

साहेबांनी मार्ग सुचवला. मॅडमचं नाव काढलं, तर राजरत्नच्या पगारावर एक खोली-स्वयंपाकघर बसेल. पण मग घरही त्याच्या एकट्याच्याच नावावर होईल.

एसटी स्टँडच्या बाकावर बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. तिच्या भावाला, अमृतला, टोमॅटो वाहायला टेम्पो घ्यायचा होता. त्याच्याकडे पगाराची पावती नव्हती, म्हणून कर्ज तिच्या नावावर काढलं. वर्षभरात घाटात अपघात झाला, अमृतचा पाय गेला आणि टेम्पो कंपनीनं ओढून नेला.

"तुमाला सांगायचं रोज ठरवायचे. माहेरचं नाव खराब व्हईल म्हणून तोंड उघडायचं न्हाई."

राजरत्नला राग आला होता, पण डोक्यात भलतंच काही जुळत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती रात्रपाळ्या मागून घ्यायची. त्यावरून तो दोनदा भांडलाही होता.

"त्या रात्रपाळ्या..."

"तडजोडीचे पैसे एकदम भरायचे व्हते."

"आन् मला वाटायचं, तुला माझ्यासंगं करमत न्हाई."

तिनं चमकून त्याच्याकडं बघितलं. इतके दिवस हा माणूस असलं काही मनात धरून बसला असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला रडू आवरेना. पारगावची गाडी लागली, सुटली, तरी दोघं तिथंच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तो एकटाच बँकेत गेला. "नाव काढायचं न्हाई, साहेब. शेरा कसा काढायचा तेवढं सांगा."

कंपनीनं सोडलेली रक्कम भरून दाखला आणायचा होता. त्याला अकरा महिने लागले. आळेफाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलेला अमृतही दर महिन्याला कुबडी टेकत येऊन आपला वाटा देऊन जायचा. मेव्हण्याकडं बघायला तो आधी बिचकायचा. पुढं जेवायला थांबू लागला.

नोंद बदलली आणि कर्ज मंजूर झालं, पण तोवर फ्लॅटचे दर वाढल्यामुळं एक खोली-स्वयंपाकघरच पदरात पडलं. दस्त करताना कारकुनानं विचारलं, "पहिलं नाव कुणाचं?"

"तिचं," राजरत्न म्हणाला.

"अहो, पगार तुमचा जास्त," प्रतीक्षा हळूच म्हणाली.

"पर कर्जाचा अनुभव तुझाच लई."

कारकून बघतच राहिला, कारण प्रतीक्षा तोंडावर ओढणी धरून हसत होती आणि तिचं हसू काही केल्या थांबत नव्हतं.