हद्दीला कुलूप

जावयाचे हात शिवशिवतात, ही घरातली जुनी तक्रार होती. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं, की स्वारी स्टुलावर चढलीच. सासरे सुतार. त्यांच्या टेबलावरची पटाशी त्याने उचलायचा अवकाश, म्हातारा मान वर न करताच म्हणायचा, "जावईबापू, हात आवरा!"

आता तो आवाजच जाणार होता. घशाचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. तेव्हा लेक-जावयाने मनावर घेतलं, की बाबांसाठी पाच बटणांची पेटी करायची. बटण दाबलं की बाबांचाच आवाज बोलेल. सर्किट बोर्ड आखून देणं हा तर दोघांचा धंदाच. पेटी बाबांनी स्वतः केली, लाकडाची, आणि वाक्यंही आधीच बोलून ठेवली. पाणी द्या, दुखतंय, दिवा घालवा आणि लेकीला हाक, ही चार सगळ्यांना ठाऊक होती. पाचवं काय, ते लेक काही केल्या सांगेना.

कामाचा दोघांचा एक नियम होता. संगणकावर आधी बोर्डाची कड आखायची, मापाशी ताडून बघायची आणि लगेच लॉक करायची. मग आत तांब्याच्या तारांच्या कितीही रेघा ओढा, कड जागची हलत नाही. पेटीचं आतलं माप बायकोने घेतलं, कड तिनेच आखून लॉक केली आणि पुढचं काम नवऱ्यावर सोपवलं.

एक कोपरा त्याला जरा टोकदार वाटला. गोल करावा म्हणून त्याने लॉक काढलं. कोपरा झाला झकास! त्याच भरात तो शेजारची तार ओढायला गेला आणि तारेऐवजी हाती आली कड. एक मिलिमीटर बाहेर सरकली. एवढंसं त्याला कुठलं दिसायला! तारही मग त्याने त्या सरकलेल्या कडेलगत नेली. वर या शहाण्याने आठवणीने पुन्हा लॉक लावलं, म्हणजे चूकच जपून ठेवली. बायकोने लॉक पाहिलं आणि निर्धास्तपणे फाइल कारखान्याकडे पाठवून दिली.

बोर्ड आला त्याच दिवशी बाबा घरी आले. गळ्याला पट्टी, हातात वही. जावयाने सोल्डरिंग उरकलं, बोर्ड पेटीत ठेवायला घेतला, तर तो बसेना.

"जरा दाब की," बायको म्हणाली.

"दाबून काय होणार? मोठाच आहे हा."

"मोठा कसा असेल? कड लॉक होती."

त्याने बोर्ड खाली ठेवला. "मी उघडली होती. कोपऱ्यासाठी."

ती कपाळाला हात लावून खालीच बसली. बोर्ड घासावा, तर कडेलगतच तार होती, तीच तुटली असती. नवा यायला दोन आठवडे. दोन मिनिटं गप्प न बसणारा माणूस दोन आठवडे मुका बसणार, आणि तोही आपल्यामुळे! जावयाला स्वतःची लाज वाटली. तो उठून बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, चूक माझी आहे. बोर्ड पेटीत जात नाही."

बाबांनी पेटी फिरवून पाहिली. पॉलिश झालेल्या वस्तूला पुन्हा हत्यार लावायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा कायदा. त्यांनी पटाशी मागवली. पण अशक्तपणाने हात थरथरत होता. त्यांनी क्षणभर विचार केला आणि पटाशी जावयापुढे धरली.

तो बघतच राहिला. मग श्वास रोखून आतली भिंत तासायला लागला. बाबा बोटाने दाखवत होते, इथे, अजून थोडं. पातळ ढलप्या निघाल्या आणि बोर्ड अलगद आत बसला. बायकोने घाईघाईने बॅटरी जोडली.

काठावर एक बारीक कुसळ राहिलं होतं. काढून टाकावं म्हणून जावयाने पटाशी पुन्हा टेकवली, तोच बाबांनी हात लांब करून पाचवं बटण दाबलं.

"जावईबापू, हात आवरा!"

तोच खणखणीत आवाज. बायको हसता हसता रडायला लागली. बाबांचे खांदे गदगदत होते, हसू आवाजाविनाच फुटत होतं. जावयाने पटाशी खाली ठेवली आणि बाहीने डोळे पुसले.

"बाबा," तो म्हणाला, "आणखी एकदा दाबा ना."