गाडीला तीर्थ

"दाब!" गाडीखालून विश्वेशचा आवाज आला.

मी ब्रेक दाबला.

"आता धरून ठेव. सोडू नकोस हं."

"नाही सोडत हो! दिवसभर शाळेत शिकवत उभी होते, आता इथे पाय दाबून बसायचं. धन्य आहे माझी!"

मागच्या चाकाशी माझा नवरा धुळीत आडवा पडला होता. त्याने नट सैल केला की जुनं तेल नळीतून बाटलीत यायचं आणि माझ्या पायाखालचं पेडल खाली बसायचं. नट आवळला की तो "सोड" म्हणायचा. असं किती वेळ चाललं होतं, कुणास ठाऊक. कंटाळायचाही कंटाळा आला होता.

घर आमचं काशीत, बालाजी घाटाजवळच्या गल्लीत. तिथे सायकल शिरली तरी गाय वाट अडवते. त्यामुळे ही जुनी बोलेरो मोठ्या रस्त्यावर, मैदागिनला, एका भाड्याच्या आवारात उभी असते. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना सारनाथ, प्रयाग दाखवायचं, हा विश्वेशचा धंदा. काल राजघाटच्या पुलावरून उतरताना ब्रेक थेट तळाला गेला. आत साताऱ्याची माणसं, एकीच्या मांडीवर तान्हं पोर. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवली. तेव्हापासून विश्वेशच्या घशाखाली घास उतरला नव्हता. मेकॅनिकने मागच्याच आठवड्यात ब्रेकचे वायसर बदलून "अब टनाटन है, भैया" म्हणून सांगितलं होतं. टनाटन कसलं, कपाळ!

"सकाळी निघताना कडक असतो गं," विश्वेश म्हणाला. "रहदारीत दहादा मारला, तापला, की मऊ पडतो. थंड झाला की परत शहाणा."

अण्णा, म्हणजे माझे सासरे, पायरीवर बसून ऐकत होते. जन्मभर घाटावर उपाध्येपण केलं त्यांनी. आता यजमान तरुण गुरुजींकडे जातात. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनचं नाव काढा, की "मला सगळं दिसतं!" म्हणून अंगावर येतात. एकच काम उरलं होतं त्यांच्याकडे. गाडी प्रयागला निघाली, की पंचगंगा घाटावरचं गंगेचं पाणी पंचपात्रीत घेऊन यायचं, प्रवाशांच्या तळहातावर पळीने तीर्थ द्यायचं, गाडीला गंध लावायचं. त्या दिवशी ते इस्त्रीचं धोतर नेसतात.

विश्वेश बाहेर आला. बाटली उजेडात धरून बघत राहिला. तेल पार चहासारखं झालं होतं, तळाला गंज.

"पाणी गेलंय यात," तो म्हणाला. "तापलं की त्याची वाफ होते. मग ब्रेक काय लागणार, डोंबल! म्हणूनच वरची ब्रेकच्या तेलाची टाकी गळ्यापर्यंत भरलेली. मी तर थेंब टाकला नव्हता."

"पाणी कोण घालेल त्यात?" मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली. माझी नजर अण्णांकडे गेली होती.

"मी," अण्णा म्हणाले. "पळीभर. दर खेपेला, तू बॉनेट उघडून ठेवतोस ना, तेव्हा. सगळ्यांना तीर्थ देतो, मग गाडीला नको? ते पांढरं झाकण... काच धुवायच्या पाण्याचंच ना ते?"

"ते पलीकडचं, अण्णा," विश्वेश म्हणाला. "हे ब्रेकच्या तेलाचं."

विश्वेश ओरडला असता तर बरं झालं असतं. अण्णा उलट ओरडले असते, दोघांचं नेहमीसारखं वाजलं असतं आणि घरी जाऊन गपगुमान जेवले असते. पण विश्वेश इतका दमला होता, की नुसता "असू दे" म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला.

"शरू, दाब."

"त्या बाईच्या मांडीवर पोर होतं ना रे?" अण्णांनी विचारलं.

मला भडभडून आलं. पाय तेवढा हलवला नाही.

सगळं जुनं तेल काढलं. मागच्या चाकातलं गंजलेलं सिलिंडर बदलून नवं तेल भरलं. अंधार पडल्यावर विश्वेश रहदारीतून कज्जाकपुऱ्यापर्यंत ब्रेक मारत मारत जाऊन आला. तापूनही पेडल कडक राहिलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो नुसता हात धूत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरची मंडळी प्रयागला जायला उभी होती. अण्णा येणार नाहीत, असंच मला वाटत होतं. आले. धोतर कालचंच, चुरगळलेलं. सगळ्यांना तीर्थ दिलं. बॉनेटपाशी आले, थबकले आणि पंचपात्री छातीशी धरून मागे वळले.

"अण्णा, थांबा की," विश्वेश म्हणाला.

त्याने बॉनेट उघडलं. काच धुवायच्या पाण्याचं झाकण स्वतः काढलं आणि अण्णांचं मनगट धरून तिथे नेलं.

"हे बघा. इथे घाला."

अण्णा वाकले. नाक टेकेल इतके वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पळी विश्वेशच्या हातात दिली.

"तूच घाल रे. मला दिसत नाही."

विश्वेशने पळीभर पाणी घातलं, झाकण लावलं, दोनदा आवळून बघितलं. अण्णा ओठांतल्या ओठांत मंत्र म्हणत होते. मंत्र संपला, तसा त्यांनी प्रवाशांसारखाच आपला उजवा तळहात लेकापुढे धरला.