मागच्या शेडमधले पंधरा दिवस

दिंडोशीच्या उतारावरच्या दीप्तीताईंच्या नर्सरीत गिऱ्हाइकाला झाड सहजासहजी मिळायचं नाही. पवईच्या टॉवरमधली एखादी बाई गाडीतून उतरायची, बोट दाखवून म्हणायची, "ते पॅक करा." की नर्सरीतली मोठी बाई, सुंदराबाई, कमरेवर हात ठेवून उभी! खिडकी कुठल्या बाजूला? ऊन किती वेळ येतं? पाणी तुम्ही घालणार की कामवाली? उत्तर पटलं नाही तर तोंडावर सांगायची, "नाय देणार. मरणार ओ तुमच्याकडे." बाई फणकाऱ्याने निघून जायची आणि महिन्याभरात मैत्रिणीला घेऊन परत यायची. नर्सरीचं नाव झालं ते अशाने, दारावरच्या रंगीत पाटीने नव्हे.

सुंदराबाईचा खरा कायदा मात्र मागच्या शेडमध्ये चालायचा. बाहेरून ट्रकने आलेलं रोप, मग ते कितीही टवटवीत दिसो, पंधरा दिवस मागे एकटं ठेवायचं. रोज पानं उलटून बघायची, देठाच्या बेचक्यात बोट फिरवायचं. कीड असली तर तेवढ्यात बाहेर पडते. चौदाव्या दिवशीसुद्धा कुंडी पुढे आणायची नाही.

हे सगळं मालन तिच्या हाताखाली एकोणीस वर्षांत शिकली. मालन हुशार, हाताला गुण. पण राहायला जोगेश्वरीत भावाच्या एका खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाय दुमडून झोपायचं आणि सकाळी वहिनीचा चेहरा बघत चहा गिळायचा. नर्सरीतल्या मोठ्या बाईला मात्र मागची पक्की खोली मिळायची, पंखा आणि नळासकट. त्या खोलीत सुंदराबाई एकटी राहायची. आणि जूनमध्ये दीप्तीताई सगळ्यांसमोर बोलून गेल्या, "मावशींना आता दिसत नाही नीट. गणपतीनंतर मोठी बाई कोण, ते बघू." झालं! त्या दिवसापासून मालनला दुसरं काही सुचेना.

गणपतीच्या आधी जास्वंदीला मरणाची मागणी. सोमवारी पुण्याहून साठ रोपं आली आणि मागच्या शेडमध्ये गेली. शनिवारी सुंदराबाई डोळे तपासायला गेली होती, ताई बाहेर होत्या, आणि नेमका एका सोसायटीचा माणूस आला. चाळीस जास्वंदी हव्यात, आत्ता. पुढे होत्या जेमतेम बारा. ताईंना दाखवून देऊ आपण काय चीज आहोत, असं मालनच्या डोक्यात आलं आणि तिने साठच्या साठ कुंड्या पुढे ओढल्या. फक्त सहा दिवस झाले होते. चाळीस विकल्या, उरलेल्या जुन्या रोपांत मिसळून गेल्या. संध्याकाळी परत मागे ठेवू म्हणाली खरी, पण तेवढ्यात दीप्तीताई आल्या, "झकास केलंस गं!" म्हणाल्या, आणि बाईसाहेब हवेत. सुंदराबाईने रिकाम्या शेडचं विचारलं, तर "पुण्याच्या गाडीने रोपं परत नेली," एवढंच मालनने सांगितलं.

दहा दिवसांनी पाण्याचा पाईप धरणारा नंदू ओरडत आला. पिठ्या ढेकूण! पांढरा कापूस शिंपडावा तशी जास्वंद भरली होती. रोपं तर गेलीच, पण कुंपणालगतची नऊ जुनी झाडंही गेली. गावाहून आणलेल्या काडीपासून सुंदराबाईने ती वाढवली होती, नर्सरीतली जास्वंदीची सगळी कलमं त्यांच्यापासून व्हायची. ती मुळासकट उपटून जाळायची पाळी आली.

दीप्तीताईंनी विचारलं, "शेड कोण तपासतं?"

आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं मालनला वाटलं. पण तिच्या आधी सुंदराबाईच पुढे झाली. चेहरा राखेसारखा.

"मीच तपासतंय. आधीची रोपां बोट फिरवून सोडलंय पुढे. माका काय ता दिसलांच नाय गो. माझ्या डोळ्यांनीच माका फसवल्यानी."

तिला खरंच वाटत होतं की तिचंच चुकलं. मालन नुसती गप्प राहिली असती तरी एक वेळ समजून घेता आलं असतं. पण नाही! ती पुढे होऊन, आवाजात माया आणून म्हणाली, "मावशी, मी कितीदा म्हटलं, चष्मा लावा म्हणून."

सुंदराबाईने मान हलवली. "म्हटलंस गो बाय. माझांच चुकला."

तिसऱ्या दिवशी ती कणकवलीला पुतण्याकडे निघाली. त्या पुतण्याने आठ वर्षांत साधा फोन केला नव्हता. जाताना मालनच्या गालावरून हात फिरवत ती दीप्तीताईंना म्हणाली, "ह्येका मोठी बाय करा. ह्या पोरीन कधी पंधरा दिसांच्या आधी कुंडी हलवूक नाय."

मालनला खोली मिळाली. पंखा लावून ती आडवी पडायची आणि गालावर तो हात तसाच असायचा. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती. शेवटी चौथ्या दिवशी सकाळी ती दीप्तीताईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. शनिवार, साठ कुंड्या, सहा दिवस. "मावशींना परत बोलवा, ताई. मला हाकला."

दीप्तीताई मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाल्या, "माहितीये मला. कॅमेरा काय शोभेला लावलाय?"

मालनला रडू कोसळलं.

"मग त्यांना का…"

"अगं, ती गिऱ्हाइकाला नाही म्हणायची. मी काढलं असतं तर पवईपासून सगळ्यांनी मला शिव्या घातल्या असत्या. आता स्वतःच्या पायाने गेली, तेही चूक कबूल करून. मला एक शब्द बोलावा लागला नाही."

"पण ती नऊ झाडं, ताई…"

"जास्वंद पुण्याहून येते की. आणि पंधरा दिवसबिवस आता बंद, माल उतरला की थेट पुढे." मग त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मालनकडे नीट बघितलं, अगदी मायेने. "रडू नकोस. तू त्या दिवशी चष्म्याचं बोललीस ना, तेव्हाच मी ठरवलं, मोठी बाई हीच. पुढच्या महिन्यात पाण्याच्या नळ्या बसतायत, नंदूची गरज नाही. बावीस वर्षं झालीत त्याला इथे, उगाच बोंबाबोंब नको. त्याचं काय चुकतं ते बघून ठेव. नसेल चुकत, तरी बघ. तुला जमतं."

बाहेर नंदू पाईप गुंडाळत होता. मालनचे डोळे बघून तो काळजीने पुढे आला. "काय झालं गं? ताई ओरडल्या? खोलीचं काही बोलल्या काय?"

मालनने पदराने तोंड पुसलं. ओट्याखालची ती जागा तिच्या डोळ्यांपुढे आली, वहिनीचा चेहरा आला.

"काही नाही," ती म्हणाली. "काल कोपऱ्यातल्या मोगऱ्याला पाणी तूच घातलं होतंस ना रे?"