रंभेचा हंडा

काल्याच्या दिवशी देवळात टाळ वाजू लागले, तेव्हा रंभा हंडा घेऊन, उजवा पाय ओढत तळ्यावर निघाली होती. नळ घरापासून वीस पावलांवर. पण तिनं तिथं यायचं नाही, असं धरमतरजवळच्या त्या गावानं ठरवलं होतं.

तिचा नवरा ट्रक चालवायचा. त्याच्याकडून एचआयव्ही तिच्या रक्तात आला. तो गेला. ती तगली, कारण तिचा रोह्याचा भाऊ गोविंदा पाच वर्षं मुंबईहून गोळ्या आणत होता. यंदा पेणच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, या दुखण्यात, वर्षानुवर्षं औषधं चालली की कुणाकुणाची हाडं खचतात. हिच्या खुब्याचं हाड आतून सुकलंय, ओझं उचलू देऊ नका.

गोविंदानं रंभेच्या सासूला, ठमाबाईला, हात जोडून हे सांगितलं. ठमाबाई भाविक, कीर्तन कधी चुकवायची नाही. सुनेला तिनं उपाशी ठेवलं नाही, भाकर मात्र वरून टाकायची.

"याच हातांनी मी देवाचा पानी भरतंय," ती म्हणाली. रंभेचा हंडा कुणी शिवायचा नाही, म्हणून तो रंभेनंच वाहायचा.

देवळात घरोघरचे पोहे, लाह्या, दही एका परातीत कालवलं. रंभेचे पोहे तेवढे परत आले. बुवा रंगात येऊन सांगत होते, गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, देवानं कुणाची कुठली ते विचारलं नाही, सगळ्यांचं उष्टं खाल्लं. ठमाबाईनं डोळे पुसले आणि सुनेसाठी काल्याचा द्रोण घेऊन निघाली.

वाटेत तळ्याच्या बांधावर माणसं दहा हात लांब उभी होती. मध्ये चिखलात रंभा, शेजारी कलंडलेला हंडा. ती पडून अर्धा तास झाला होता. रोह्याला निरोप धाडलाय, भाऊ येऊन उचलेल, असं कुणीतरी सांगितलं.

ठमाबाई वाकली तशी रंभा कण्हत म्हणाली, "आये, शिवू नका. काला बाटंल."

द्रोण चिखलात ठेवून म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग लोकांकडे बघून म्हणाली, "हिला निजवून न्यायाला कोनाचा तरी दार काढून आना. का तो पन शिवायचा नाय?"

पेणला डॉक्टर ठमाबाईला हळूच म्हणाले, "सुकलेलं हाड जपलं असतं तर टिकलं असतं, आजी. ते हंड्यानं मोडलं." एचआयव्हीचं नाव ऐकून रंभेचं ऑपरेशन करायला पुढं कुणी तयार झालं नाही. रंभा कायमची अंथरुणाला खिळली.

एकादशीला ठमाबाई तोच हंडा कमरेवर घेऊन नळावर गेली. रांगेतल्या गिरजाबाईनं पदर सावरत विचारलं, "ठमे, यो हंडा कोनाचा गो?"

"माज्या सुनेचा."

तिनं हंडा भरला, सत्तरीच्या खुब्यावर घेतला आणि चालू लागली. नळ मागे मोकळाच वाहत होता. रांगेतली एकही बाई पुढं सरकेना.

वाचकहो, त्या रांगेत पुढची घागर तुमची असती, तर?