उंबऱ्यावर उंबरा

गावात पुन्हा सिमेंटचा रस्ता होणार म्हणून सगळे खूश होते, एक भाऊराव सोडून. जुना रस्ता खोदायचं नाव नाही, त्याच्याच डोक्यावर नवा थर. रस्ता चढतो आणि घर खाली जातं, हे सांगून सांगून भाऊरावांच्या तोंडाला फेस आला. ठेकेदार म्हणाला, खोदकाम कामात धरलेलं नाही. सरपंच म्हणाले, विकासाला आडवे येऊ नका.

पंचशील झेंड्याजवळचं भाऊरावांचं घर मातीचं, धाब्याचं. गावातली जुनी घरं झाडून सगळी बुटक्या दारांची, शिरणाऱ्यानं घरापुढे मान लववावी म्हणून. भाऊरावांच्या वडिलांनी मात्र वडनेरहून सागाची चौकट आणली ती चांगली उंच. उन्हाची झळ आत येईल म्हणून लोक हसले. म्हातारा म्हणाला, "आपल्या लोकायनं बाहेर लई वाकून पाह्यलं. माह्या घरात येनाऱ्याले वाकाचं काम नाही."

मग रस्ते आले. पहिल्याच पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी थेट चुलीपर्यंत शिरलं, तेव्हा भाऊरावांनीच मुरूम टाकून जमीन उचलली, उंबऱ्यावर उंबरा बसवला. पुढच्या रस्त्याला पुन्हा तेच. शहाणपणाच्या भरात बापाचं दार आपल्याच हातानं बुटकं केलं. आता एखाद्या पाहुण्याचं कपाळ चौकटीवर आपटलं की भाऊरावांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

आज मुलानं, प्रेमानंदनं, पुन्हा मुरमाची ट्रॉली दारात ओतली. ते पाहून भाऊरावांचं डोकंच फिरलं. त्यांनी कुदळ उचलली आणि आधी दारापुढची, मग घरातली जमीन खोदायला घेतली. त्यांच्या बायकोनं, भिमाबाईंनी, भांडी हलवता हलवता त्यांचा उद्धार केला. पावसाळ्यात घराचं तळं होईल, असं प्रेमानंदनं परोपरीनं सांगितलं.

"होऊ दे," भाऊराव म्हणाले. "पानी उपसता येते."

शेवटी कुरकुरत प्रेमानंदही माती बाहेर टाकू लागला. दिवस कलताना वडिलांचा उंबरा लागला. भाऊराव त्यावर ताठ उभे राहिले. चौकट डोक्याच्या वर हातभर होती. त्यांना भरून आलं.

तेवढ्यात रिकामं घमेलं घेऊन प्रेमानंद बाहेरून आला. त्या उंच, मोकळ्या दारातून तो कमरेत वाकूनच आत शिरला.

"काऊन वाकून राह्यला बे?" भाऊराव ओरडले.

ते कशाबद्दल बोलताहेत, हेच प्रेमानंदला कळलं नाही.