सुशिलाबाईंना न दाखवलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी चित्रपुस्तिका आहे. छापखान्यात माझी सोळा जाड पाने तारेत ओवली गेली आणि आशा सेविका धुरपताताई यांच्या पिशवीतून मी गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्याजवळच्या एका गावात आले. बाळाला अंगावर कसे पाजायचे, हे बाळंतिणींना सांगणे माझे काम. पहिला पिवळा चीक फेकू नका, बाळाला असे धरा, सहा महिने पाणीसुद्धा देऊ नका. धुरपताताई मला मांडीवर घेऊन एकेक पान उलटत. बाया चित्रातल्या गुबगुबीत बाळाला बोट लावून हसत. मला फार अभिमान वाटे.

एका मे महिन्यात रेणू दवाखान्यातून मुलगी घेऊन घरी आली. धुरपताताई भेटीला गेल्या, तेव्हा तिच्या सासूबाई, सुशिलाबाई, उन्हाळी धान कापायला गेल्या होत्या. ताईंनी रेणूला माझी सगळी पाने दाखवली.

"तुह्या सासूलेही सांगजो," जाताना त्या म्हणाल्या.

ऊन वाढत गेले. नातीचा घसा सुकतो, असे सुशिलाबाईंना वाटू लागले.

"एवढ्या तपनीत लेकरू बिनपाण्यानं राहील काय वो?" म्हणत त्या माठातले पाणी चमच्याने पाजू लागल्या.

"पुस्तकात नाही म्हणते," रेणू हळूच बोलली.

"आमी का पुस्तक पाहून पोरं वाढवले?"

रेणू नवी सून, किती बोलणार?

चार दिवसांनी बाळाला हगवण लागली. गोंदियाला नेले, पण उशीर झाला होता. तेवीस दिवसांची मुलगी कापडात गुंडाळून परत आली.

रेणूला दूध मात्र येतच राहिले. परसात बसून ती ते पिळून मातीत सांडत असे. धुरपताताई तिच्याजवळ जाऊन बसल्या. पिशवीत मी होते; पण माझ्या सोळा पानांत त्या दुःखासाठी एकही पान नव्हते.

सुशिलाबाईंनी मला मागून घेतले. पाण्याच्या पेल्यावर लाल फुली मारलेले पान निघाले. त्यांनी त्या फुलीवर बोट ठेवले.

"हे मले काऊन नाही दाखवलं वो, धुरपता?"

"तुमी धानात होत्या, बाई. मी परत याले पाहिजे होतं."

तेव्हापासून ताई बाळंतिणीच्या सासूला बोलावल्याशिवाय मला उघडत नसत. कुणी शेतात असली, तर बांधावर जात. चिखलाच्या हातांनी माझे कोपरे काळे झाले.

पुढे मोबाईलवर चित्रफिती आल्या. आता मी आरोग्य उपकेंद्राच्या कपाटात, मोडक्या वजनकाट्याखाली पडून आहे. वाळवीने माझी दोन पाने खाल्ली. चित्रफीत सुनेच्या मोबाईलवर येते आणि ती एकटीच पाहते, असे ऐकते तेव्हा माझा जीव कासावीस होतो.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी बाळ आले, तर आईला शिकवताना आजीलाही जवळ बसवा. सुशिलाबाईंचा त्या नातीवर जीव कमी नव्हता. त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच.