तक्रारी शून्य

मावशीच्या टेबलावर प्लास्टरचे चौदा जबडे होते: सात वरचे, सात खालचे. शेजारी मेणाचे तीन चाकू, स्पिरिटचा दिवा, रंगछटा जुळवायची सोळा दातांची पट्टी आणि एक फोन. प्रत्येक जबड्याच्या बुडाला मावशी पेन्सिलीने तारीख लिहिते. मी सगळे उलटे करून पाहिले. सर्वांत नवा जबडा तीन तारखेचा होता. आज पंचवीस.

मावशी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. दवाखान्यातून फोनवर निरोप आला की जाऊन मापं घेऊन येते आणि त्यांवरून हे जबडे ओतते. सहा दवाखाने आहेत, पण निम्म्याहून जास्त काम एकट्या डॉक्टरबाईंचं. बावीस दिवसांत त्या सहांपैकी एकाचाही निरोप नव्हता.

"बाईंनी कवळ्यांच्या मशीनवाल्याला धरलंय," मावशी म्हणाली. ती स्वच्छ चाकू पुन्हा पुसत होती. "सोमवारी मीही तिकडेच जाते. पॉलिशला माणूस हवंय त्याला. हे टेबल काढून टाकू."

"अगं, एकदा बाईंना विचार तरी."

"आणि दातांच्या कण्या करू? सव्वीस वर्षं काम केलंय. नको असेन तर नको."

ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

काका आतल्या खोलीत संगणकावर होते. म्हणजे मुक्तहस्त होते. तंत्रज्ञानाच्या चर्चामंचावर त्यांचं हे नाव आहे आणि अकरा वर्षांत या नावाने त्यांनी ४,३१८ उत्तरं लिहिली आहेत. कोणी विचारतं, प्रिंटर फिकट छापतोय, काय करू? मुक्तहस्तांचं पहिलं वाक्य असतं, "मुळात तुम्ही ती प्रणाली वापरताच कशाला?" त्यांची शेवटची दोनशे उत्तरं मी वाचून काढली. एकशे एकाहत्तर ठिकाणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मोठ्या कंपन्या आपली माहिती गोळा करतात, आपल्याला बांधून ठेवतात, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं अवघड जातं. कचेरीत मात्र हेच काका आठ तास त्यांतल्याच एका कंपनीच्या प्रणालीवर पाण्याच्या नळांचे नकाशे काढतात आणि ब्र काढत नाहीत.

अकरा वर्षांत त्यांनी फक्त एका माणसाचं मतपरिवर्तन केलं. ते माणूस म्हणजे मावशी, आणि तिचं मतही कोणी विचारलेलं नव्हतं. चार तारखेला तिचं सिम नव्या, मुक्त प्रणालीच्या फोनात गेलं. सगळं जग वापरतं ते निरोपांचं ॲप गेलं, आणि कोणाच्या मालकीचं नसलेलं एक आलं. त्याच दिवशी मंचावर मुक्तहस्तांची पोस्ट पडली: 'एका सामान्य वापरकर्तीचे यशस्वी स्थलांतर'. खाली दिवसांचा आकडा ते रोज बदलत. आज तिथे होतं: 'बावीस दिवस. तक्रारी शून्य.' दोनशे चौदा जणांना ते आवडलं होतं.

शेवटचा जबडा तीन तारखेचा. स्थलांतर चार तारखेचं. मी आत गेले.

"काका, मावशीच्या नव्या ॲपवर किती माणसं आहेत?"

"संख्येच्या मागे लागू नकोस. तत्त्व बघ."

"किती?"

"दोन."

"कोण कोण?"

"एक मी." ते पडद्याकडे वळले. "दुसरा मंचावरचा मित्र. तिचं स्वागत करायला आला होता."

"आणि डॉक्टर?"

"सगळ्यांना आधी कळवलं होतं की! नऊशे शब्दांचं निवेदन पाठवलं तिच्या नावाने. पाचच पायऱ्या होत्या. आता ज्यांना स्वातंत्र्यच नको, त्यांच्या किती पाया पडायचं?"

"ते साधा फोन करतील ना."

"नोंद नसलेल्या नंबरांची घंटी मी बंद केलीय," काका खुलले. "भामट्यांचे फोन एकदम थांबले. बघ, हे कोणी सांगत नाही तुम्हाला."

"नोंदी किती आहेत?"

"जुनी यादी कंपनीच्या खात्यात अडकलेली. ती उचलून आणली तर मग बदललं काय? एकेक हाताने भरतोय. घरचे चार झाले."

दारात मावशी उभी होती. हातात मेणाचा चाकू तसाच.

"अहो, जुना फोन कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये आहे. पण आता त्याची काही गरज—"

"काढा."

फोन पूर्ण मेलेला होता. चार्जरला लावून सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. वायफाय मिळताच तो थरथरायला लागला आणि टेबलावर सरकत सरकत एका खालच्या जबड्याला जाऊन टेकला. त्रेसष्ट निरोप. त्यातले एकोणीस डॉक्टरबाईंचे.

मावशीने चष्मा लावून मोठ्याने वाचले. "'तीन मापं तयार आहेत, कधी येताय?' 'ताई, आहात ना?' 'फोनही उचलत नाही तुम्ही.' 'ते आजोबा थांबायला तयार नव्हते, मशीनवाल्याकडून करून घेतली. बोलताना खाली येते. तुम्हीच परत करून द्या.'" शेवटचा त्याच सकाळचा होता. तो तिने आधी मनात वाचला, मग मला दाखवला. 'तब्येत बरी आहे ना? पत्ता द्या, बघून जाते.'

तिने चष्मा काढला आणि तो चाकू पुसायच्या फडक्याने पुसला.

काका आमच्या मागे उभे राहून वाचत होते. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "सगळे एकाच कंपनीवर अवलंबून राहिले की हे असं होतं. हाच तर माझा मुद्दा आहे."

"मुद्दा चावून खा," मावशी म्हणाली. "दात कमी पडले तर सांगा. करून देते."

काका आत गेले. थोड्याच वेळात टाइप केल्याचा आवाज येऊ लागला.

मावशीने सिम जुन्या फोनात घातलं आणि बाईंना फोन लावला. "मेले नाही हो," एवढंच मला ऐकू आलं, मग ती बोलत बोलत गॅलरीत गेली.

सोमवारी ती मशीनवाल्याकडे गेली नाही, डॉक्टरबाईंकडे गेली. संध्याकाळी मी टेबलावरचे जबडे पुन्हा मोजले. बावीस: अकरा वरचे, अकरा खालचे. आठांच्या बुडाला सत्तावीस तारीख होती.

मंचावरच्या पोस्टखाली नवा आकडा होता. चोवीस दिवस. तक्रारी शून्य.